नव्वद दिवस कुणी मोजले?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सभासद,
कर्मचारी राज्य विमा महामंडळ,
नवी दिल्ली

विषय : नोकरी गेलेल्या विमाधारकाला भत्ता किती दिवस मिळावा, याबाबत

स.न.वि.वि.

मी डोंबिवलीत राहतो आणि मुंबई-ठाण्यात नोकरी करतो. आयुष्याची तेवीस-चोवीस वर्षं निरनिराळ्या कारखान्यांच्या टाइम ऑफिसात आणि अकाउंट्समध्ये गेली. हजेरीपुस्तक, ओव्हरटाइमचे तास, पगारपत्रक आणि दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत तुमच्या वर्गणीचं चलन. (पूर्वी एकवीस तारीख होती. ते सहा दिवस काढून घेतल्याबद्दल माझ्यासारख्या कारकुनांनी तुम्हाला मनातल्या मनात बरंच काही म्हटलेलं आहे.) शेकडो कामगारांच्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे तुमच्या विम्याचे, पैसे मी माझ्या हाताने कापले. ‘याचं आम्हाला काय मिळतं?’ हा प्रश्न दर महिन्याला खिडकीवर यायचा आणि मी पाठ केलेलं उत्तर द्यायचो : औषधपाणी, बाळंतपण, अपघात. नोकरी गेली तर काय, हे कुणी विचारत नसे. जाईपर्यंत कोण विचारणार?

आता मी विचारतोय. नोकरी गेलेल्या माणसाला नव्वद दिवस भत्ता, हा आकडा आला कुठून? कुणी मोजला, आणि मोजताना समोर कोणतं घर होतं?

सुरुवात तुमच्याच नियमांपासून करतो, म्हणजे बाहेरच्या देशांचे दाखले देऊन मी मोठेपणा मिरवतोय असं वाटायला नको. विमाधारक आजारी पडला तर त्याला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. यादीतला दीर्घ आजार असेल तर ८० टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणाला २६ आठवडे, पूर्ण पगाराच्या दराने. कामावर हात मशीनमध्ये गेला तर तात्पुरतं अपंगत्व असेतोवर ९० टक्के, त्याला दिवसांची मर्यादाच नाही. हे सगळं उत्तम आहे. मी कित्येकांचे कागद करून दिलेत आणि पैसे मिळालेले पाहिलेत.

आणि नोकरी गेली तर? अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ९० दिवस. आयुष्यात एकदा.

म्हणजे ताप माणसाला दरवर्षी येऊ शकतो हे तुम्ही धरून चालता. नोकरी मात्र जन्मात एकदाच जाते, आणि गेली की तीन महिन्यांत परत येते, असं हा नियम म्हणतो. ज्याने हे लिहिलं त्याने कंत्राटी हजेरीपुस्तक कधी उघडून पाहिलेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. मुंबईत आज निम्म्याहून जास्त पोरं मी अशी पाहतो, की ज्यांची नोकरी दर अकरा महिन्यांनी नियमाने जाते, खोलीच्या ॲग्रीमेंटसारखी. कंत्राटदार बदलतो, माणूस त्याच मशीनवर उभा असतो, आणि नवा कंत्राटदार घाईघाईत त्याच्या नावाने नवा विमा क्रमांक काढतो. मग एकाच माणसाचे तीन नंबर आणि तिघांमध्ये वाटली गेलेली त्याची वर्षं. भत्त्यासाठी दोन वर्षं विम्याची नोकरी झालेली असावी ही अट त्या तीनपैकी एकाही नंबरावर पुरी होत नाही.

ही योजना १ जुलै २०१८ ला प्रायोगिक म्हणून आली तेव्हा भत्ता होता सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के, आणि नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबल्यानंतर तो देय व्हायचा. तीन महिने उपाशी राहून दाखवा, मग तीन महिने पाव पोट भरू, असा तो हिशेब. २०२० च्या ऑगस्टमध्ये, करोनाच्या काळात, तुम्हीच तो बदललात. २५ चे ५० टक्के केलेत, ९० दिवसांची वाट ३० दिवसांवर आणलीत, मालकाकडून अर्ज पुढे यायची अट काढून कामगाराला थेट दावा करू दिलात. मग त्या सवलतीला एकामागून एक मुदतवाढी मिळत गेल्या. त्याबद्दल मनापासून आभार. मी स्वतः त्याचा लाभ घेतला आहे. पण सगळं बदललं तेव्हा एक आकडा तसाच राहिला. नव्वद.

यावर कुणी सभासद म्हणतील, की आमच्याकडे दोन वर्षांचीही योजना आहे. आहे, आणि तिच्याविषयी मला जे सांगायचं आहे ते सांगायला मला आठ वर्षं लागली.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून आहे. सुरुवातीला सहा महिने, २००९ मध्ये एक वर्ष, २०१६ मध्ये दोन वर्षं. पहिल्या वर्षी पगाराच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५. कागदावर पाहिलं तर कुठल्याही देशाच्या पंगतीत बसेल. फक्त ती मिळते कारखाना बंद झाला तर, कायद्याप्रमाणे कामगार कपात झाली तर, किंवा कामाबाहेरच्या इजेने ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं तर. त्याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा असतो मालकाच्या कपाटात.

२०१७ साली मी अंधेरीच्या एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या एका छोट्या कारखान्यात होतो. एक्केचाळीस माणसं. धंदा बसत चालला होता, जागेला भाव आला होता, पुढचं सांगायला नको. मालक वाईट नव्हता. दिवाळीला बोनस द्यायचा, कुणाच्या मुलीच्या लग्नाला उचल द्यायचा. त्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं की ग्रॅच्युइटी, पीएफ, रजेचे पैसे, सगळं वेळेवर मिळेल, कोर्टकचेरी कुणालाच परवडणार नाही, तेव्हा प्रत्येकाने राजीनामा लिहून द्या. नमुना मी टाइप केला. ‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा स्वेच्छेने राजीनामा देत आहे.’ एक्केचाळीस प्रती काढल्या. नाव, टोकन नंबर आणि सही एवढीच जागा रिकामी. तीन जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांचा अंगठा मी घेतला. शेवटची सही माझी.

अशा रीतीने तो कारखाना कागदावर बंद झालाच नाही. एक्केचाळीस माणसांना एकाच आठवड्यात वैयक्तिक कारणं उपटली, एवढंच.

ती योजना मला तेव्हा माहीत नव्हती असं मी म्हणालो तर ते निम्मं खरं असेल. परिपत्रक फाइलला लावलेलं होतं. वाचलं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. महिना १५,००० पगाराच्या माणसाला पहिल्या वर्षी ९०,००० आणि दुसऱ्या वर्षी ४५,०००. मी टाइप केलेल्या त्या एका ओळीची किंमत प्रत्येकी एक लाख पस्तीस हजार रुपयांपर्यंत होती. कुणी मला विचारायला आलं नाही. येणार कसं, त्यांनाही ते परिपत्रक कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

त्या एक्केचाळिसांत एक सेटर होता. मोल्ड चढवणं, मशीनची सेटिंग लावणं हे त्याचं काम. सोळा वर्षांचा हात. माल सुटताना आकसला किंवा कडेला जास्तीचं प्लास्टिक आलं की तो मशीनकडे नुसतं बघून टेंपरेचर किती खाली घ्यायचं ते सांगायचा. कारखाना सुटल्यावर विसाव्या दिवशी तो पवईच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. बारा तासांची ड्यूटी. घरी खोलीचं भाडं, दोन मुलं, आणि ग्रॅच्युइटी यायला अजून वेळ. वर्षभराने वसईतल्या एका युनिटला सेटर हवा होता, मीच त्याचं नाव सुचवलं. गेला, पण टिकला नाही. मशीन नवीन, पॅनल संगणकाचं, आणि मधल्या वर्षात हातही थोडा गेलेला. परत गेटवर आला. त्याला तेव्हा तीन-चार महिने घरभाड्याची काळजी नसती तर तो विसाव्या दिवशी गेटवर गेला नसता, हे मी शपथेवर सांगेन. भत्त्याची मुदत म्हणजे मला तरी एवढंच समजतं : आपल्या हाताला साजेसं काम मिळेपर्यंत नको त्या कामाला ‘नाही’ म्हणता येण्याचे दिवस.

आता माझं स्वतःचं. त्यानंतर मी एका लेबर कंत्राटदाराकडे अकाउंट्स बघायला लागलो. ३१ मे २०२० ला तेही संपलं. पुढच्या तारखा माझ्या डायरीत आहेत. नव्वदावा दिवस आला २९ ऑगस्टला, दहा दिवसांचे गणपती अजून बसलेले होते. आणि लोकल सर्वसामान्य प्रवाशांना खुली झाली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांपुरती. मोजून २४६ दिवस. मुंबईत लोकल नसताना डोंबिवलीचा माणूस नोकरी कुठे आणि कशी शोधणार? एसटीच्या रांगेत दोन-दोन तास उभं राहून मी दोन मुलाखतींना गेलो, तिसऱ्याला गेलो नाही. काम मिळालं ते फेब्रुवारीत, लोकल सुरू झाल्यावर.

भत्त्याचे पैसे मला मिळाले, त्याबद्दल काही तक्रार नाही. सरासरी पगार १८,००० धरला, चोवीस महिन्यांची कमाई ७३० दिवसांनी भागली, त्याचे अर्धे रोजचे २९५ रुपये ८९ पैसे, गुणिले ९०. सुमारे २६,६३०. जुन्या २५ टक्क्यांच्या दराने १३,३१५ मिळाले असते. त्या पैशांत वाण्याची वही मिटली आणि मुलीची फी भरली. पुढचे पाच महिने बायकोच्या फॉल-बिडिंगवर आणि तिने कुणाला न सांगता लावलेल्या भिशीवर निघाले.

करोना हा अपवाद होता, त्यावरून नियम करता येत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून साध्या वर्षाचा हिशेब मांडतो, कारकुनाच्या पद्धतीने. नोकरी १ तारखेला गेली. पहिला महिना अर्जाच्या वाटेतच जातो. समजा नशीब जोरावर आहे आणि साठाव्या दिवशी नवी नोकरी लागली. पगार कधी? आता वेतन संहिता आहे. तिच्यात महिना संपल्यावर सातव्या दिवसापर्यंत पगार द्यायचा असतो. म्हणजे साठाव्या दिवशी रुजू झालेल्या माणसाच्या हातात पहिला पूर्ण पगार येतो जवळजवळ शंभराव्या दिवशी. नशीब जोरावर असलेल्याला नव्वद दिवस पुरत नाहीत. पंचेचाळिशी ओलांडलेल्याची गोष्टच सोडा. त्याचा बायोडेटा बाजूला ठेवताना मी स्वतः एचआरच्या केबिनमध्ये बसलेला आहे.

शिवाय एक बारीक गोष्ट, कुठल्याही अहवालात नसणारी. बेकार माणूस सगळ्यात आधी काय सोडतो? लोकलचा पास. दूध चालू राहतं, मुलांची शिकवणी चालू राहते, पास नव्याने काढला जात नाही. ‘मुलाखत आली की तिकीट काढू.’ आणि पास नसला की दादरला, अंधेरीला सहज चक्कर मारणं, जुन्या माणसांना भेटणं, कुणाकडे तरी चहा पिताना जागा रिकामी असल्याचं कळणं, हे सगळं थांबतं. मुंबईत निम्म्या नोकऱ्या त्या चहावर लागतात.

आता विरोधी बाजू. भत्ता लांबवला की लोक घरी बसतील. मला हा आक्षेप नवीन नाही. टाइम ऑफिसात बसून मीच तो वीस वर्षं केलाय. आजारपणाच्या दाखल्यांचे गठ्ठे पाहून माझं माणसांविषयीचं मत काही फार चांगलं राहिलेलं नव्हतं. आणि अभ्यासकही असं म्हणत नाहीत की आक्षेप पूर्ण खोटा आहे. भत्त्याची मुदत वाढली की बेकार राहण्याचा काळही काहीसा वाढतो, हे अनेक देशांत दिसलं आहे. प्रश्न असा की का वाढतो. राज चेट्टी या अर्थशास्त्रज्ञाने २००८ मध्ये अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवलं, की भत्त्यामुळे लांबणाऱ्या बेकारीतला सुमारे ६० टक्के भाग आळसामुळे नसतो. ज्यांच्या गाठीला पैसा नाही त्यांना निदान थोडं थांबून शोधता येतं, म्हणून तो काळ लांबतो. त्याने हे समीकरणांनी सांगितलं. मला ते पवईच्या गेटवर कळलं होतं.

आपल्याकडे खरी भीती वेगळी आहे, ती मी लपवत नाही. माणूस इकडे भत्ता घेईल आणि तिकडे हातावर पगार घेऊन काम करील. करील, काही जण नक्की करतील. महिन्याला नऊ हजारांत मुंबईत घर चालत नाही, तर संध्याकाळी कुणी पार्सलं पोचवली तर त्याला चोर ठरवून काय मिळवणार? लहानसहान कमाई जाहीर करू द्या, तेवढ्या प्रमाणात भत्ता कमी करा, पण बंद करू नका. चोरीचं कारणच उरणार नाही.

बाहेरचं पाहायचंच तर फार लांब जायला नको. ब्रिटनने १९११ च्या कायद्याने पहिल्यांदा बेकारी विमा आणला, तोही बांधकाम, जहाजबांधणी असल्या मोजक्या धंद्यांपुरता, आठवड्याला सात शिलिंग. मुदत होती वर्षात १५ आठवडे. १०५ दिवस, आणि पुढच्या वर्षी वर्गणी भरली असेल तर पुन्हा. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्यावहिल्या कायद्याच्याही आपण मागे आहोत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ च्या सामाजिक सुरक्षेच्या करारात किमान मुदत धरली आहे बारा महिन्यांत १३ आठवडे. भारताने तो करार मान्य केलेला नाही, तेव्हा बांधील नाही, हे ठीक. पण १३ गुणिले ७ किती होतात ते पाहा. एक्क्याण्णव. नव्वद हा आकडा काढताना तो एक दिवस कुणी वाचवला असेल, याचं मला खरंच कुतूहल आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत २६ आठवडे असतात. २००८ च्या मंदीनंतर काही राज्यांत ती मुदत ९९ आठवड्यांपर्यंत नेली होती, म्हणजे बाजार पडला की मुदत वाढवायची असते हे त्यांना कळतं. जर्मनीत तरुणाला १२ महिने आणि ५८ च्या पुढच्याला २४, कारण वय वाढलं की दार उघडायला वेळ लागतो हे तिथे कायद्यातच लिहिलंय.

त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, असं म्हणाल. इथे मात्र मी हटून बसणार आहे, कारण चलन मी भरत होतो. १ जुलै २०१९ पर्यंत पगाराच्या साडेसहा टक्के वर्गणी होती : मालकाचे पावणेपाच, कामगाराचे पावणेदोन. त्या दिवसापासून ती चार टक्के झाली : सव्वातीन आणि पाऊण. सोडून दिलेल्या अडीच टक्क्यांतला अर्धा टक्का परत घ्या असं मी म्हणतो. १८,००० वर अर्धा टक्का म्हणजे ९० रुपये. शंभर माणसांचे महिन्याला ९,०००, वर्षाला एक लाख आठ हजार. १८० दिवसांचा भत्ता ५० टक्क्यांनी होतो सुमारे ५३,०००. म्हणजे शंभरांतल्या दोघांना पूर्ण सहा महिने देता येतात, आणि सगळेच काही सहा महिने घरी बसत नाहीत, तेव्हा तिघा-चौघांना. मंदीच्या वर्षाला पुरणार नाही. त्यासाठी बऱ्या वर्षांची शिल्लक बाजूला ठेवायची. हे मी वहीच्या मागच्या पानावर केलेलं गणित आहे, तुमच्याकडे विमागणिती आहेत, त्यांनी तपासावं. चुकलं असेल तर किती टक्के लागतील ते तरी एकदा जाहीर सांगावं. दर महिन्याला चहाच्या चार-पाच कपांची किंमत जास्त द्यायला खिडकीवरचा कामगार तयार आहे का, हे त्याला विचारायची जबाबदारी मी घेतो.

आणि महाराष्ट्राचा माणूस म्हणून एक आठवण करून देतो. पगारपत्रकात ईएसआयच्या शेजारी आणखी एक रकाना असतो, पीटीचा. व्यवसाय कर. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर इथे १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. वि. स. पागे यांची ती कल्पना, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामं निघाली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या कायद्यात दिवस मोजले होते ते सरकारचे : मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या. आपल्या योजनेत दिवस मोजतात ते कामगाराचे. त्याने नव्वद दिवसांत काम शोधायचं, आणि त्या नव्वद दिवसांत त्याला काम दाखवायला बांधील कोण? कुणीच नाही. पोर्टलवर नाव नोंदवा. मुंबईच्या पगारदारांनी पन्नास वर्षं गावाकडच्या हमीसाठी कर भरला, त्यात कुरकुर करण्यासारखं काही नाही, आमच्यातल्या निम्म्यांची घरं तिकडेच आहेत. पण मोजायचं कुणाला, हे तरी त्या कायद्यावरून घ्यावं.

प्रा. आडारकरांना १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांच्या विम्याची योजना आखायला सांगितलं गेलं तेव्हा मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. काम दिलं होतं ते आरोग्य विम्याचं, आणि १९४८ चा तुमचा कायदाही त्यातूनच उभा राहिला. आजारपण, बाळंतपण, अपघात यांना त्यात जागा मिळाली, बेकारीला २००५ उजाडावं लागलं. ती धाकटी आहे हे समजतं. पण आता वीस वर्षांची झाली.

माझं मागणं असं. मुदत २६ आठवडे करा. बाळंतपणाला तुम्हीच दिलेला आकडा आहे, नवीन शोधायला नको. पहिले चार महिने ५० टक्के, पुढचे दोन ४०, म्हणजे उतार राहील आणि माणूस सैल पडणार नाही. पंचेचाळीसच्या पुढच्याला नऊ महिने. दोन वर्षं सरसकट द्यावीत असं मी म्हणत नाही. वर्षभर रिकामा राहिलेल्या माणसाला दारात कुणी उभं करत नाही, हे मी दाराच्या आतून पाहिलंय. ‘आयुष्यात एकदा’ हे शब्द काढून टाका आणि आजारपणाच्या लाभासारखं करा : ठरावीक दिवस पुन्हा वर्गणी भरली की हक्क पुन्हा उभा राहिला पाहिजे. एका आधारला एकच विमा क्रमांक, बाकीचे त्याला जोडलेले, आणि ते जोडायचं काम कामगाराचं नव्हे. आणि राजीनामे. एकाच आस्थापनेतून एका महिन्यात दहाहून जास्त माणसांची वर्गणी थांबली तर ते तुमच्या संगणकाला त्याच महिन्यात दिसतं. चलन मी भरलंय, मला माहीत आहे काय काय दिसतं. तिथे कारखाना बंद झाला असं धरून चौकशी सुरू करा, मग कागदावर काहीही टाइप केलेलं असो. नव्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून द्यायची तरतूद आहे, चांगली आहे. पण तीही त्याच एका ओळीवर अडते, आणि तो नमुना अजून बऱ्याच टाइम ऑफिसांच्या संगणकात सेव्ह केलेला असेल.

२१,००० च्या वर पगार गेला की माणूस तुमच्या छत्रीबाहेर जातो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून तिथेच आहे. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

मी सध्या ठाण्याजवळच्या एका गोदामात कंत्राटावर आहे. कंत्राट ३१ मार्चला संपतं. माझं वय एक्कावन्न, आणि माझं ‘एकदा’ २०२० मध्ये वापरून झालेलं आहे.

कळावे,

आपला,
एक विमाधारक, डोंबिवली